दूरशिक्षण घेताना शैक्षणिक समुपदेशकासोबत काम कसे करावे



दूरशिक्षणात प्रवेश घेतला की काही आठवड्यांत पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो किंवा पुस्तकांच्या पीडीएफ उघडतात. कार्यक्रम मार्गदर्शिका, स्वाध्यायांची प्रश्नपत्रिका, ओळखपत्र असे सगळे हाती असते. बहुतेक विद्यार्थी यालाच संपूर्ण शिक्षण समजतात आणि एकट्याने वाचायला बसतात. पण या व्यवस्थेत तुमच्यासाठी एक माणूसही नेमलेला असतो, तो म्हणजे शैक्षणिक समुपदेशक. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, हिंदी पुस्तिकांत त्याला ‘शैक्षिक परामर्शदाता’ म्हणतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात ‘समंत्रक’ हा शब्द रूढ आहे. या पाठात आपण समुपदेशक कोण असतो, त्याच्याकडून काय मिळू शकते आणि ते मिळवण्यासाठी तुम्ही काय करायचे, हे पाहू.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर समुपदेशनाचे कामही केले आहे. त्यामुळे येथे लिहिलेले बरेचसे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेले आहे.

१. समुपदेशकाची गरज का?

दूरशिक्षणाचा इतिहास सांगताना १८४० सालच्या ब्रिटनमधील आयझॅक पिटमन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. ते लघुलेखन पोस्टाने शिकवत. त्यांचे वैशिष्ट्य धडे पाठवण्यात नव्हते, कारण छापील धडे तर कोणीही पाठवू शकत होते. विद्यार्थी सराव करून पाठवत आणि पिटमन तो तपासून, दुरुस्त करून परत पाठवत. पाठवलेला मजकूर आणि शिक्षण यांतला फरक या परतीच्या टपालात आहे.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८२ मध्ये हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले, १९८५ मध्ये इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकचे मुक्त विद्यापीठ आले. मुक्त विद्यापीठांनी गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे काढली आणि तेथे समुपदेशक नेमले. हेतू हाच की परतीचे टपाल बंद पडू नये.

अमेरिकी अभ्यासक मायकेल मूर यांनी यामागचा विचार तीन शब्दांत मांडला आहे: रचना, संवाद आणि स्वायत्तता. त्यांच्या मते दूरशिक्षणातले खरे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. अभ्यासक्रमाची रचना घट्ट आणि संवाद कमी असेल, तर शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातले अंतर वाढते. अंतर जितके जास्त, तितकी विद्यार्थ्याकडून स्वायत्ततेची, म्हणजे स्वतःच्या जोरावर शिकण्याची, अपेक्षा जास्त. छापील पुस्तक ही घट्ट रचना आहे. तुम्ही काय वाचताना अडलात हे त्याला कळत नाही. त्यामुळे संवाद वाढवणे हाच अंतर कमी करण्याचा तुमच्या हातातला मार्ग उरतो.

अभियांत्रिकीच्या भाषेत हेच सांगतो. घरातल्या गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो. पाणी किती तापले हे तो पाहत राहतो आणि ठरावीक तापमानाला वीज तोडतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. बादलीत हीटर टाकून ‘पंधरा मिनिटे पुरतील’ असा अंदाज बांधणे हा ओपन लूप झाला. पाणी कोमट राहील किंवा कढेल, पण हात घालेपर्यंत कळणार नाही. समुपदेशकाशी न बोलता केलेला दूरशिक्षणाचा अभ्यास असाच असतो. तो कसा झाला हे थेट निकालाच्या दिवशी कळते, आणि तोवर सहा महिने गेलेले असतात.

२. समुपदेशक कोण असतो आणि कोण नसतो

समुपदेशक हा बहुधा जवळच्या महाविद्यालयातला पूर्णवेळ शिक्षक असतो. दूरशिक्षणाचे काम तो अर्धवेळ, मानधनावर करतो. त्याची सत्रे बहुतेक शनिवार-रविवारी किंवा संध्याकाळी असतात. यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, तो विषय जाणणारा माणूस आहे. दुसरी, त्याचा वेळ थोडा आहे, म्हणून तुमची तयारी जितकी चांगली तितका त्या वेळाचा उपयोग जास्त.

त्याचे मुख्य काम तुमच्या विषयातल्या अडचणी सोडवणे, स्वाध्याय तपासून त्यावर शेरे लिहिणे आणि अभ्यासाची दिशा दाखवणे हे आहे. समुपदेशन सत्र म्हणजे नेहमीचा तास नाही. तुम्ही घटक वाचून आला आहात असे गृहीत धरूनच ते चालते. प्रयोग असलेल्या विषयांत प्रात्यक्षिकांची उपस्थिती सक्तीची असते; लेखी विषयांची सत्रे साधारणपणे ऐच्छिक असतात. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ पुष्कळजण ‘अनावश्यक’ असा घेतात. तसा घेऊ नका.

कोणती अडचण कोणाकडे न्यायची, हे माहीत नसल्याने विद्यार्थ्यांचे बरेच रविवार वाया जातात. इग्नूची रचना त्रिस्तरीय आहे. ती समजली की इतर मुक्त विद्यापीठांतही वाट सापडते.

• विषय समजत नाही, स्वाध्यायावरचे शेरे कळत नाहीत, पुस्तकातला कोणता भाग आधी वाचावा: समुपदेशक.
• सत्रांचे वेळापत्रक, स्वाध्याय जमा करणे, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या: अभ्यासकेंद्राचे समन्वयक.
• प्रवेशातील दुरुस्ती, अभ्यासकेंद्र बदलणे, केंद्राच्या कामाबद्दलची तक्रार: प्रादेशिक केंद्र.
• सत्रान्त परीक्षा, निकाल, गुणपत्रक, पदवी प्रमाणपत्र: मुख्यालयाचा परीक्षा विभाग.

निकालात स्वाध्यायाचे गुण दिसत नसतील तर समुपदेशकावर चिडून उपयोग नाही. त्याने गुण केंद्राला दिलेले असतात, पुढचा प्रवास त्याच्या हातात नसतो. अशा वेळी आधी समन्वयकाकडे गुण पाठवल्याची नोंद पाहायची आणि मग प्रादेशिक केंद्राकडे जायचे. इग्नूमध्ये तक्रारींसाठी आयग्राम ही ऑनलाइन सोयही आहे.

३. पहिल्या भेटीआधी स्वतःचा हिशोब मांडा

समुपदेशकाला पहिल्यांदा भेटताना सर्वांत उपयोगी कागद म्हणजे तुमच्या वेळेचा हिशोब. इग्नूत १ श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. त्यात वाचन, स्वाध्याय, सत्रे, दृक्‌श्राव्य साहित्य असे सगळे आले.

समजा, एका सत्रात तुमचे ४ श्रेयांकांचे ५ विषय आहेत. म्हणजे २० श्रेयांक, एकूण ६०० तास. सत्रात अभ्यासाचे २४ आठवडे मिळाले तर आठवड्याला २५ तास हवेत. आता समजा, तुम्ही कारखान्यात पाळीवर काम करता. रोज दीड तास याप्रमाणे सहा दिवसांचे ९ तास आणि रविवारचे ५, मिळून १४ तास होतात. २४ आठवड्यांत ३३६ तास. ६०० तासांचे काम ३३६ तासांत बसणार नाही, हे वहीच्या एका पानावर दिसले.

हे पान घेऊन समुपदेशकाकडे जा आणि विचारा, “सर, मला एवढाच वेळ मिळतो. पाचांपैकी कोणते विषय या परीक्षेला द्यावेत आणि कोणते पुढच्या?” इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात आणि नोंदणी केलेले सगळे विषय एकाच वेळी द्यावेत अशी सक्ती नसते. कोणता विषय दुसऱ्या विषयाचा पाया आहे, कोणत्या विषयाला सराव जास्त लागतो, हे समुपदेशक सांगू शकतो. दोन विषय नीट देणे हे पाच विषयांत अर्धवट बसण्यापेक्षा केव्हाही बरे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी अनेकांचे शिक्षण थांबते. परीक्षेत नापास झालो किंवा परीक्षा देता आली नाही, म्हणजे पुढच्या वर्षाची नोंदणी करता येणार नाही, असे विद्यार्थी धरून चालतात. इग्नूत तसे नाही. पुढच्या वर्षाची किंवा सत्राची नोंदणी तुम्ही मागचे विषय राहिले असले तरी करू शकता, आणि ती मुदतीत करायलाच हवी. तीन वर्षांच्या बीए, बीकॉमसारख्या पदव्यांना कमाल सहा वर्षे मिळतात. ही सवलत नोकरी करणाऱ्या, मूल लहान असलेल्या, घरातल्या आजारपणात अडकलेल्या माणसासाठीच आहे. पण ती माहीत नसेल तर पहिल्याच अपयशानंतर माणूस पुस्तके माळ्यावर टाकतो. पदवी हातून जाते ती बहुतेक वेळा अशी, कोणाला काही न विचारता.

४. प्रश्न कसा विचारावा

समुपदेशकाला येणारे पुष्कळ संदेश असे असतात:

“सर, तिसरे युनिट समजत नाही. प्लीज हेल्प.”

याला काय उत्तर द्यायचे? तिसऱ्या घटकात तीस पाने असतात. कोणता विषय, कोणता विद्यार्थी, काहीच कळत नाही. उत्तर येत नाही आणि विद्यार्थ्याला वाटते, सर लक्ष देत नाहीत. आता हा संदेश पाहा:

“सर, नमस्कार. मी बीसीए, पहिले वर्ष, नोंदणी क्रमांक अमुक. संख्याशास्त्राच्या पुस्तकात प्रमाण विचलन काढताना एका उदाहरणात एन ने भागले आहे आणि दुसऱ्यात एन वजा १ ने. दोन्ही उदाहरणे मी सोडवून पाहिली, उत्तरे जुळतात. पण केव्हा कशाने भागायचे ते कळत नाही. रविवारच्या सत्रात विचारले तर चालेल का?”

या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देता येते: हाती असलेली माहिती हाच संपूर्ण समूह असेल तर एन ने भागा, ती मोठ्या समूहातून घेतलेला नमुना असेल आणि त्यावरून समूहाचा अंदाज बांधायचा असेल तर एन वजा १ ने. विद्यार्थ्याने आधी उदाहरणे सोडवल्यामुळे ते उत्तर लगेच त्याच्या जागी बसते.

चांगल्या प्रश्नात चार गोष्टी असतात:

१) तुम्ही कोण: नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्रम.
२) कुठे अडले: विषयाचा संकेतांक, घटक, पान.
३) तुम्ही काय करून पाहिले.
४) नेमके काय हवे: व्याख्या, उदाहरण, की वाचनाची दिशा.

अनेकांना प्रश्न विचारण्याची लाज वाटते. शिक्षणात दहा वर्षांचा खंड पडलेला असतो, वर्गात आपल्या मुलाच्या वयाची मुले असतात. ‘एवढे साधे कसे विचारू’ असे वाटते. समुपदेशकाच्या बाजूने सांगतो, साधा प्रश्न आवडतो, कारण त्याने अडचणीचे मूळ दिसते. दरवेळी ‘समजले, सर’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मदत करणे मात्र कठीण जाते.

भाषेचाही प्रश्न येतो. बेळगाव, बडोदा, इंदूर किंवा हैदराबादला राहून मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला समुपदेशक मराठी जाणणारा मिळेलच असे नाही. अशा वेळी संज्ञांची छोटी वही ठेवा: एका बाजूला पुस्तकातली इंग्रजी किंवा हिंदी संज्ञा, दुसऱ्या बाजूला तुमच्या शब्दांत मराठी अर्थ. प्रश्न विचारताना संज्ञा पुस्तकातली वापरा, बाकीचे मोडक्यातोडक्या हिंदीत चालते. उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येईल, हे मात्र सुरुवातीलाच कार्यक्रम मार्गदर्शिकेत पाहून समन्वयकाकडून पक्के करा.

५. स्वाध्याय: लेखी संवाद

सत्राला येणे जमले नाही तरी समुपदेशकाशी बोलण्याची एक जागा कायम असते. ती म्हणजे स्वाध्याय. इग्नूच्या बहुसंख्य कार्यक्रमांत स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. पण बेरीज करण्याआधी दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते.

उदाहरण घ्या. स्वाध्यायात १०० पैकी ८० आणि परीक्षेत ४५ गुण मिळाले. ८० चे ३० टक्के २४, आणि ४५ चे ७० टक्के ३१.५. एकूण ५५.५. आता परीक्षेत ३० गुण मिळाले असे धरा: २४ अधिक २१, म्हणजे ४५. बेरीज बरी दिसते, पण उत्तीर्णतेची मर्यादा ३५ असेल तर परीक्षेत ३० म्हणजे विषय राहिला. स्वाध्यायाचे गुण परीक्षेतली तूट भरून काढत नाहीत. म्हणून गुणांइतकेच त्यावरच्या शेऱ्यांकडे लक्ष द्या. परीक्षेआधी तुमचे लिखाण कोणी जाणकाराने वाचण्याची ही एकमेव खात्रीची संधी आहे.

स्वाध्याय परत मिळाला की समासातले शेरे एका वहीत उतरवा. ‘उदाहरण नाही’, ‘प्रश्न तुलना विचारतो, तुम्ही दोन वर्णने लिहिलीत’, ‘आकृतीला नावे द्या’ असे शेरे तीन स्वाध्यायांत पुन्हा पुन्हा आले, तर परीक्षेतही तुमचे गुण तेथेच जाणार. शेरा कळला नाही तर ते पान घेऊन समुपदेशकाकडे जा. गुणांवर नुसती बरोबर-चूकची खूण असेल आणि शेरे नसतील, तर नम्रपणे मागा: “मॅडम, दुसऱ्या प्रश्नात गुण कुठे गेले ते सांगाल का?” शेरे लिहिणे हा समुपदेशनाच्या कामाचाच भाग आहे, तेव्हा यात संकोच नको.

इग्नूत एकदा स्वाध्यायात उत्तीर्ण झालात की गुण वाढवण्यासाठी तो पुन्हा देता येत नाही. म्हणून शंका जमा करण्याआधी विचारा. पण ‘हे उत्तर बरोबर आहे का बघा’ असे विचारू नका, कारण तपासणारा तोच असतो. संकल्पनेबद्दल विचारा, उत्तर स्वतः लिहा.

बाजारात आणि मोबाइलवर तयार स्वाध्याय विकत मिळतात. चाळीस विद्यार्थ्यांच्या उत्तरांत तेच वाक्य, तीच चूक आली की समुपदेशकाला ते लगेच दिसते, आणि नक्कल केलेले स्वाध्याय नाकारले जाऊ शकतात. पण पकडले जाणे हे त्यातले लहान नुकसान आहे. तुम्ही दुसऱ्याचे उत्तर दिले तर शेरेही दुसऱ्याच्या चुकांवर मिळतात. पैसे देऊन तुम्ही तुमचा थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो.

स्वाध्यायाची प्रत आणि जमा केल्याची पावती निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.

६. मर्यादा आणि हक्क

समुपदेशक परीक्षेत येणारे प्रश्न सांगू शकत नाही, गुण वाढवून देऊ शकत नाही, परीक्षेच्या अर्जाची संपलेली मुदत वाढवू शकत नाही. रात्री अकराला केलेल्या फोनला उत्तर देण्यास तो बांधील नाही. पहिल्या भेटीतच विचारून घ्या: संपर्क कशाने करावा, कोणत्या वेळी, उत्तराला साधारण किती दिवस लागतील.

तुमचेही हक्क आहेत. जाहीर झालेले सत्र व्हायला हवे. स्वाध्याय वाजवी काळात तपासून मिळायला हवा. स्वाध्याय ‘पास करण्यासाठी’ कोणी पैसे मागितले तर ते देऊ नका. लेखी तक्रार प्रादेशिक केंद्राकडे करा.

काही केंद्रांवर एखाद्या विषयाला विद्यार्थी फारच थोडे असतात आणि सत्रे पुरेशी होत नाहीत. तेव्हा गप्प बसू नका. समन्वयकांना विचारा की जवळच्या दुसऱ्या केंद्रावर किंवा ऑनलाइन बसता येईल का. त्याच विषयाचे तीन-चार विद्यार्थी शोधून एकत्र विनंती करा. इग्नूचे ई-ज्ञानकोश, ज्ञानवाणी, ज्ञानदर्शन आणि केंद्र सरकारचे स्वयम् यांवरची व्याख्याने उपयोगी आहेत. मात्र ती समुपदेशकाची जागा घेत नाहीत, कारण तुम्ही काय लिहिले ते त्यांना दिसत नाही.

७. एका सत्राचा आराखडा

• पहिले दोन आठवडे: कार्यक्रम मार्गदर्शिका वाचा, वेळेचा हिशोब करा, समन्वयक आणि समुपदेशकांची नावे व वेळा लिहून घ्या.
• पहिला महिना: समुपदेशकाला एकदा भेटा. कोणते विषय या परीक्षेला द्यायचे ते ठरवा.
• दुसरा व तिसरा महिना: प्रत्येक सत्राआधी घटक वाचून निदान दोन लेखी प्रश्न घेऊन जा.
• मुदतीच्या तीन आठवडे आधी: स्वाध्यायाचा कच्चा मसुदा पूर्ण करा, शंका विचारा, मग पक्का लिहा.
• परीक्षेचा अर्ज आणि पुढच्या सत्राची नोंदणी: दोन्हींच्या तारखा भिंतीवर लावा. ही दोन वेगळी कामे आहेत.
• परीक्षेआधी: शेऱ्यांची वही पुन्हा वाचा आणि एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा. त्यातले एक उत्तर समुपदेशकाला दाखवा.
• निकालानंतर: विषय राहिला असेल तर त्याच महिन्यात समुपदेशकाला भेटा. निकाल चांगला लागला तर तेही कळवा. वर्षभर रविवारी येणाऱ्या माणसाला ते ऐकायला आवडते.

स्वतः तपासा

१) तुमच्या या सत्रातील श्रेयांक किती? त्यासाठी आठवड्याला किती तास हवेत आणि तुमच्याकडे किती आहेत?
२) स्वाध्यायात ७० आणि परीक्षेत ४० गुण असतील तर ३०:७० भाराने एकूण किती होतील? (उत्तर: २१ अधिक २८, म्हणजे ४९.)
३) स्वाध्यायाचे गुण निकालात आले नाहीत. सर्वप्रथम कोणाकडे जाल आणि सोबत कोणता कागद न्याल?
४) सध्या वाचत असलेल्या घटकातली एक अडचण वर दिलेल्या चार मुद्द्यांप्रमाणे लिहा. लिहून झाली की ती समुपदेशकाला पाठवा.